‘क’च्या अलीकडे

टेंपोच्या मागच्या काचेवर चिकटवायच्या रेडियमच्या अक्षरांतला नको असलेला भाग सुईनं उचकटून काढत असताना प्रभुलिंगच्या कॉम्प्युटरवर हिल्डाबाईंचं पत्र आलं, आणि ते वाचता वाचता हातातली सुई ‘को’च्या पोटात रुतली. अक्षर वाया गेलं. तीस वर्षांच्या धंद्यात त्याच्या हातून ‘को’ असा कधी बिघडला नव्हता. पत्रात वाईट काही नव्हतं, उलट दुसऱ्या कुणी आनंदानं पेढे वाटले असते. जानेवारीतल्या रॅलीचा शेवटचा मुक्काम तुमच्या गावाला ठरला आहे, सगळ्यांना तुमचं गाव बघायची उत्सुकता आहे, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्या दिवशी टॉवर तुम्ही सांभाळायचा. आणि खाली, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य होतं: या वेळेपासून टॉवरचं काम टाइप करून नाही, बोलून करायचं ठरलं आहे. एवढंच. शिवाजी पेठेतल्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात पंखा चालू होता, समोरच्या कट्ट्यावर दोघं जण आदल्या दिवशीच्या फुटबॉल मॅचवरून भांडत होते, आणि आपल्या या पेंटरला डिसेंबर महिन्यात घाम फुटला होता.

ही रॅली म्हणजे नक्की काय, हे घरी समजावताना त्याच्या नाकी नऊ आले होते. जगभरातली अठरा-वीस हौशी माणसं, बहुतेक पेन्शनीत निघालेली, आपापल्या घरी कॉम्प्युटरपुढं बसून जुनी विमानं उडवतात. विमानं पडद्यावरची, पण नियम खरे. कापडी पंखांची, दुपंखी, फार तर दुसऱ्या महायुद्धातली डाकोटा, याच्यापुढचं विमान चालत नाही. कोण आधी पोचला याला काही मान नाही. निघण्यापूर्वी प्रत्येकानं लिहून द्यायचं, की मी अमुक ठिकाणी अमुक वाजून इतकी मिनिटं इतक्या सेकंदांनी उतरेन, आणि मग नकाशा, होकायंत्र आणि मनगटावरचं घड्याळ एवढ्या भांडवलावर उडायचं. दिलेल्या वेळेच्या जितके सेकंद अलीकडं किंवा पलीकडं, तितके गुण गेले. सगळी भांडणं, सगळी थट्टामस्करी त्या सेकंदांवरून. आणि मुक्काम ज्याच्या गावाला, त्यानं त्या दिवशी टॉवर सांभाळायचा, म्हणजे विमानतळाच्या मनोऱ्यात बसून येणाऱ्यांना उतरायची वाट सांगायची. नीलम्मानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हंजे जायचं कुठंच न्हाय, पण वेळेवर पोचायचं? तो म्हणाला, हां, तसंच. मग बरं हाय, ती म्हणाली, डबा द्यायला नको. तिचं माहेर संकेश्वरचं. तिथली माणसं एकदा समजून घेतलं की पुन्हा विचारत नाहीत. दोन वर्षं तो दर महिन्याच्या एका रविवारी असा उडत होता, आणि या दोन वर्षांत त्या अठरा जणांशी त्यानं जेवढ्या गप्पा मारल्या तेवढ्या पेठेत जन्मभर मारल्या नव्हत्या. सगळ्या टाइप करून. तिथं त्याच्याइतका बोलका माणूस नव्हता. हिल्डाबाई, हॉलंडच्या निवृत्त नर्स, त्याला गमतीनं वर्तमानपत्र म्हणत.

अडचण एका अक्षराची होती. बाकी सगळी बाराखडी त्याला वश होती, फक्त शब्दाच्या तोंडाशी ‘क’ आला की घसा कुणीतरी आतून मुठीत धरल्यासारखा व्हायचा. क, क, क, आणि पुढं काही नाही. आता कुणी म्हणेल, एक अक्षर टाळून माणूस आरामात जगू शकतो. जगतो की. किल्लीला चावी म्हणता येतं. कुत्र्याला त्याच्या नावानं हाक मारता येते. कांद्याला दुसरा शब्द नाही, म्हणून बाजारात नीलम्मा जाते. पण मराठी भाषा अशी दुष्ट, की तिच्यात विचारायचं म्हटलं की ‘क’शिवाय गत्यंतर नाही. काय, का, कधी, कुठं, कोण, किती, कसं. शाळेत हा पोरगा कधी कसला प्रश्न विचारत नाही, म्हणून मास्तर त्याला समजूतदार समजत आणि घरचे शहाणा. त्याच्या डोक्यात प्रश्नांचं मोहोळ उठलेलं असायचं आणि तोंडावर समाधान. तालमीतला जिवलग दोस्त मिळाला त्याचं नाव केरबा. चाळीस वर्षं तो त्याला पैलवान म्हणत आला होता, आणि केरबाला यात कौतुकच वाटत होतं. हे सगळं निभलं. निभलं नाही ते एकच. माणसाला आपल्या गावाचं नाव बदलून सांगता येत नाही, आणि त्याचं गाव होतं कोल्हापूर.

त्यातली गंमत अशी, की ते नाव त्याच्याइतकं कुणी लिहिलं नसेल. दुकानांच्या पाट्या, ट्रकांची मागची फाळकी, तालमींचे फलक, मंडळांच्या कमानी. ‘को’चा काना तो असा झोकात खाली सोडायचा, की पेठेत जाणती माणसं पाटी बघून सांगत, हा हात पेंटरचा. हजार वेळा लिहिलं असेल, दोन हजार वेळा. ब्रश त्या अक्षरावरून लोण्यातून फिरावा तसा फिरायचा आणि जीभ मात्र दारातच बसकण मारायची. तेरा वर्षांचा असताना तो नृसिंहवाडीहून एकटाच एस्टीनं परत येत होता. आत्याकडं गेलता, हातात पेढ्यांचा पुडा. मास्तर म्हणजे कंडक्टर जवळ आले, पेटीवर पंच टकटक वाजवत म्हणाले, कुठलं रं? त्यानं तोंड उघडलं. क. क. मागच्या बाकावरची माणसं माना पुढं काढून बघायला लागली. पंचाची टकटक वाढली. मास्तरांनी त्याच्या वतीनं गावांची नावं सुचवायला सुरवात केली, कुरुंदवाड? कागल? कबनूर? आणि प्रत्येक नावाला मागून हसू फुटायला लागलं. तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि जे नाव न अडता घशातून सरळ बाहेर येईल ते सांगून टाकलं. गडमुडशिंगी. काय नाव आहे बघा. दुसऱ्या कुणाची जीभ अडखळावी असं नाव, आणि याला ते पाण्यासारखं. गडमुडशिंगीला तो उतरला, एस्टी धुरळा उडवत कोल्हापूरला गेली, आणि हा पेढ्यांचा पुडा छातीशी धरून उरलेली वाट पायी चालायला लागला.

त्या वाटेवर त्याला विमान भेटलं. उजळाईवाडीच्या माळावर तेव्हा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक शेड आणि वाऱ्यानं फुगणारी कापडी पिशवी, एवढाच पसारा होता. कुंपणाच्या तारेजवळ तो उभा राहिला. पिवळ्या रंगाचं दुपंखी विमान, पुढं खाकी चड्डीतला एक माणूस दोन्ही हातांनी पंखा फिरवून झटकन मागं सरायचा. इंजिन म्हणायचं, फ… फट्… फ… आणि गप्प. माणूस पुन्हा पंखा धरायचा. फ… फ… फट्. चार वेळा, पाच वेळा. आत बसलेला वैमानिक काही बोलला नाही, पंखा फिरवणाराही चिडला नाही, शेडपाशी चहा पीत उभे असलेले दोघे हसलेही नाहीत. इंजिन असंच असतं, हे जणू सगळ्यांना ठाऊक होतं. सहाव्या झटक्याला त्यानं धरलं, आणि मग जे काही ते बोलायला लागलं, ते गावाच्या पलीकडं जाऊन दिसेनासं होईपर्यंत थांबलं नाही. प्रभुलिंगनं उभ्या उभ्या अर्धा पुडा पेढे खाल्ले. घरी मार बसला तो पेढ्यांबद्दल. पुढं कित्येक वर्षं तो त्या बाजूनं येताना गडमुडशिंगीचंच तिकीट काढायचा, आणि आपल्याला चालायला आवडतं असं सांगायचा. हळूहळू ते खरंही झालं.

तर आता टॉवर. नकार देणं सगळ्यांत सोपं होतं. त्यानं तसं पत्र लिहिलंही, की त्या सुमाराला आमच्या भागात टेलिफोनच्या लायनीचं काम निघालं आहे, नेटचा भरवसा नाही. पत्र दोन दिवस तसंच पडद्यावर राहिलं. येता-जाता त्याच्याकडं बघताना त्याला वाटायचं, की पावणे आपल्या गावाच्या वेशीत येणार आणि आपण कडी लावून दाराआड बसणार, हे काही कोल्हापुरात बसत नाही. मग ते पत्र पुसून त्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन गाव सजवायला घेतलं. कॉम्प्युटरमध्ये कोल्हापूर म्हणजे नुसता तपकिरी माळ आणि मध्ये राखाडी पट्टी होती. पावण्यांनी काय बघायचं? त्यानं पंचगंगा काढली. रंकाळा काढला, नव्या राजवाड्याचा मनोरा काढला, उसाच्या फडांना तीन वेगवेगळे हिरवे रंग दिले, आणि गुऱ्हाळाचा धूर काही केल्या जमेना तेव्हा तो चार दिवस जेवणातून उठून पडद्यावरच्या धुराकडं बघत बसला. टॉवरच्या कपाळावर त्यानं आपल्या हातची पाटी रंगवली, देवनागरीत, काना झोकात. ती अठरांपैकी एकालाही वाचता येणार नव्हती, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

बोलायचं काय, याचाही त्यानं एक कागद केला. विमानवाल्यांच्या बोलण्यात ‘क’ फार. ‘क्लिअर्ड टू लँड’ म्हणायचं असतं, त्याऐवजी ‘धावपट्टी तुमची’ अशा अर्थाचं इंग्रजी त्यानं शोधलं. वर चढायला ‘क्लाइंब’, त्याऐवजी ‘गो अप’. दोन्ही बाजूंनी भरलेल्या त्या कागदावर वरची एक ओळ तेवढी कोरी राहिली. प्रत्येक वाक्याच्या आधी टॉवरनं आपल्या गावाचं नाव घ्यायचं असतं, कारण अठरा जण एकाच वेळी बोलत असतात आणि कोण बोललं ते कळलं पाहिजे. आणि टॉवर जे बोलेल ते वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. नियम चांगलाच होता. नावाला दुसरा शब्द नसतो, एवढीच त्यातली खोट. केरबाला त्यानं हे सांगितलं, तेव्हा केरबानं बराच वेळ मिशी चोळून उपाय सांगितला, की शिवी देताना तू अडतोस व्हय? न्हाय. मग आधी एक शिवी हासड आणि त्याच झपाट्यात गावाचं नाव घे. हिल्डाबाईंचा सत्तरीतला चेहरा डोळ्यांपुढं आणून प्रभुलिंगनं हा उपाय मनातल्या मनात करून बघितला, आणि त्याला दोन दिवस एकट्यालाच हसू येत राहिलं. शनिवारी दुपारी आरशापुढं मात्र हसू आलं नाही. आरशात त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या आणि तोंड उघडं राहिलेलं दिसलं, आणि हे तोंड आपण बावन्न वर्षं लोकांना दाखवत आलो, याची त्याला मनापासून लाज वाटली.

रविवारी दुपारी दोन वाजता केरबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून घरी आला. पावणं येणार म्हटल्यावर बनियनवर बसणं त्याला बरं दिसेना. संक्रांत नुकतीच झालेली, नीलम्मानं शेंगांच्या पोळ्यांचा ढीग करून ठेवला होता. अठरांच्या वाटणीच्या आपणच खायच्या असल्यामुळं केरबा जोरात होता. विमानं पुण्याहून निघाली होती, हळू चालणारी आधी, डाकोटा शेवटी. सातारा, कराड, पुढं हायवे धरून दक्षिणेला. प्रभुलिंग पडद्यावरच्या टॉवरपाशी आपलं स्वतःचं विमान लावून बसला होता. कानातले हेडफोन त्यानं काढून टाकले, त्याचं स्वतःचं श्वास घेणं त्यात फार मोठं ऐकू येत होतं, आणि स्पीकर चालू केला. साडेतीनला पहिला आवाज आला. फिनलंडचा कुणी, अगदी घोगरा, अगदी शांत. त्यानं टॉवरला हाक घातली आणि विचारलं, की मी वारणा नदीवर आहे, पुढं काय?

नीलम्मा स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी राहिली. प्रभुलिंगनं बोलायचं बटण दाबलं, तोंड उघडलं आणि घशातली ती मूठ वळायला लागलेली त्याला कळली, आणि त्यानं जे एस्टीत केलं होतं तेच केलं. “गडमुडशिंगी टॉवर,” तो खणखणीत म्हणाला, आणि पुढचं सगळं इंग्रजी न अडता सांगून टाकलं. मग फिनलंडवाल्यानं फार सभ्यपणे सांगितलं, की मला कोल्हापूरला जायचं आहे, मी बहुधा चुकून दुसऱ्या गावाच्या टॉवरशी बोलतोय, माफ करा, मी मागं वळतो. आणि वळला. त्याच्या मागचे दोघे नकाशात ते नाव शोधायला लागले. ‘गॅड’, ‘मड’, ‘गॅडमड’ अशी तोडकीमोडकी कुजबुज सुरू झाली. एक जण म्हणाला, असं गाव माझ्या नकाशात नाही. दुसरा म्हणाला, असं गाव असणं शक्य नाही. केरबानं पोळी खाली ठेवली. “आरं, पावण्यास्नी दारातनं माघारी धाडलंस की,” तो म्हणाला. ज्या गावानं त्याला जन्मभर हात दिला होता, तेच आज कामाला आलं नाही, याचा प्रभुलिंगला राग आला, आणि आपलीच लबाडी असून गावावर रागावतोय म्हणून स्वतःचाही.

तोवर ओस्वाल्डो आला होता. ब्राझीलचा दंतवैद्य, साठीतला गडी, तिथं नुकतं उजाडलं होतं तरी आवाज लग्नघरातल्यासारखा. वाऱ्यानं तो पश्चिमेला सरकला होता आणि या गडमुडशिंगीच्या गोंधळात त्याला काहीच कळेना. टॉवरवर कुणी आहे का हो, तो पुन्हा पुन्हा विचारत होता, कुणी आहे का? प्रभुलिंगच्या तोंडून अंगवळणी पडलेलं उत्तर निसटलं. दुकानाबाहेरून कुणी हाक मारली की तो जे म्हणायचा तेच. “हाय, हाय.” ओस्वाल्डोनं ऐकलं ‘हाय’. इंग्रजीत ‘हाय’ म्हणजे उंच. आपण फार उंच उडतोय असं टॉवर म्हणतंय, असा त्यानं सरळ अर्थ लावला, आभार मानले आणि विमानाचं नाक खाली केलं. पडद्यावर प्रभुलिंगनं बघितलं, तर ते लाल दुपंखी विमान ऊन खात, झोके घेत, मजेत खाली येत होतं, आणि त्याच्या नाकासमोर जोतिबाचा डोंगर होता. डोंगराचा रंग त्यानंच दिलेला. आदल्या महिन्यात तो आठ दिवस त्या डोंगराला रंग देत बसला होता, आणि त्यावर हा बिचारा माणूस, घरच्या माणसांच्या आधी उठून आलेला, आपटून रॅलीतून बाद होणार होता. ‘गो अप’ असं तो दोनदा ओरडला. पण अठरा जण बोलत होते, कोण कुणाला वर जा म्हणतंय ते कुणाला कळणार? हिल्डाबाईंचा आवाज मध्ये पडला. जो कुणी बोलत आहे, त्यानं आधी आपल्या ठिकाणाचं नाव घ्यावं.

आता वाट उरली नव्हती. तो अडला. सगळ्या जगाला ऐकू जाईल असा अडला. बटण दाबलेलं, ओठ फाकलेले, मानेच्या शिरा तट्ट. त्याला वाटलं आपलं हे असं उघडं तोंड आता हॉलंडमध्ये, फिनलंडमध्ये, सगळीकडं दिसतंय. तरी त्यानं बटण सोडलं नाही. “क… क… क… कोल्हापूर टॉवर,” तो म्हणाला, “ओस्वाल्डो, गो अप.” आणि लगेच, नियमाप्रमाणे, ऐकलं ते जसंच्या तसं, ओस्वाल्डोचं उत्तर आलं: “काका-कोल्हापूर टॉवर, ओस्वाल्डो, गोइंग अप.” लाल विमानानं नाक वर उचललं आणि डोंगराच्या माथ्यावरून, देवळाच्या शिखराला जेमतेम चुकवून ते पलीकडं गेलं.

प्रभुलिंग गार पडला होता. विमान वाचलं हे त्याला दिसत होतं, पण ऐकू येत होती गल्लीतली पोरं. क-क-कावळा, पाटीत काय वाढला. चाळीस वर्षांपूर्वीची ती चाल, टाळ्या, आणि पुढं पळणारी खाकी चड्ड्यांची रांग. म्हणजे इथंही तेच. दोन वर्षं जपलेली ही एकच जागा होती आणि तिथंही आता सगळ्यांना कळलं. त्याचा हात बटणावरून निघाला. एवढ्यात फिनलंडवाल्याचा घोगरा, शांत आवाज आला. “काका-कोल्हापूर टॉवर,” त्यानं हाक दिली, अत्यंत गंभीरपणे, “आता मला बरोबर ठिकाण सापडलं असं वाटतं.” त्याच्यामागून आणखी एक. काका-कोल्हापूर, मला तळं दिसतंय, फार सुंदर आहे. काका-कोल्हापूर, हा धूर कसला? कुणाच्याच आवाजात हसू नव्हतं. ते चिडवत नव्हते, त्यांना ते गावाचं नावच वाटलं होतं. टॉवरनं जसं म्हटलं तसं ते म्हणत होते, आणि जपून, नीट म्हणत होते. हसला तो केरबा. तो असा हसला की शेंगांची पोळी त्याच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. “आयला,” तो म्हणाला, “ब्राझीलचा साठीचा गडी तुला काका म्हणतोय की. सगळ्या जगाचा चुलता झालास की रं तू.” नीलम्माही हसायला लागली, भिंतीला टेकून, डोळ्यांना पदर लावून. आणि प्रभुलिंगच्या पोटातून काहीतरी वर आलं, ते रडू असेल असं त्याला वाटलं, पण निघालं ते हसू. आपण ‘क’वर हसतोय, हे जरा वेळानं त्याच्या लक्षात आलं.

पुढचा पाऊण तास कसा गेला ते त्याला नंतर सांगता आलं नाही. विमानं एकामागून एक येत राहिली. तो प्रत्येकाला हाक देत होता, प्रत्येक हाकेच्या तोंडाशी अडत होता, कधी दोन ‘क’, कधी पाच, आणि पलीकडून तितक्याच इमानदारीनं काका-कोल्हापूर परत येत होतं. अडला म्हणून एक विमान खाली पडलं नाही. फार तर एखादी घिरटी जास्त होत होती. घिरटीत रंकाळा पुन्हा दिसतो म्हणून कुणी तक्रारही करत नव्हतं. गुऱ्हाळाचा धूर कसला ते त्यानं सांगितलं, गूळ कसा करतात ते सांगितलं, नव्या राजवाड्यावरून डावीकडं वळायला सांगितलं. कागद कधीच टेबलाखाली उडून गेला होता. शेवटी हिल्डाबाईंची चंदेरी डाकोटा आली, म्हातारपणीही टापटीप राहणाऱ्या बाईसारखी, आणि धावपट्टीवर टेकली. अठराही विमानं टॉवरपुढं रांगेत लागली. माळावरचं ऊन आता तिरपं झालं होतं, त्यानंच ते तसं लावलं होतं, तरी त्याला बघत राहावंसं वाटलं.

मग हिल्डाबाईंनी निकाल वाचला. कोण किती सेकंद चुकला ते सांगितलं, आणि त्यातली गंमत अशी की त्या दिवशी सगळेच्या सगळे मिनिटांनी चुकले होते. रॅलीच्या इतिहासात इतका उशीर कधी झाला नव्हता, आणि इतका आनंदही ऐकू आला नव्हता. मग त्या म्हणाल्या, आता शेवटचं एक काम. वहीत मुक्कामाचं नाव लिहायचं. माझ्या नकाशात नुसतं कोल्हापूर आहे, तुम्ही काका-कोल्हापूर म्हणता. नकाशे चुकतात, गावची माणसं चुकत नाहीत. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. बरोबर नाव कोणतं?

खरं म्हणजे सुटका इथंच होती. हो म्हटलं की झालं. काका-कोल्हापूर. कायमचं वहीत. अडखळायचा रीतसर परवानाच मिळाला असता, आणि पुढच्या वेळी आणि त्याच्या पुढच्या वेळी अडला तरी कुणाला कळलं नसतं. कुणाचं नुकसान होतं त्यात? केरबा तर मान हलवून हो म्हण, हो म्हण, असं खुणावतच होता. पण हे पुन्हा अलीकडच्या थांब्याचं तिकीट काढण्यासारखं आहे, हे प्रभुलिंगला तेव्हाच कळलं. दरवेळी थोडं आधी उतरायचं, आणि उरलेलं अंतर एकट्यानं चालायचं. त्याला चालायला आवडायचं, पण आज दारात पावणे होते. त्यानं बटण दाबलं आणि इंग्रजीत, साध्या शब्दांत सांगितलं, की नकाशा बरोबर आहे. नावाआधी येतं ते गावाचं नाही, माझं आहे. मी बोलताना अडतो. लहानपणापासून. गावाचं नाव मी पुन्हा एकदा सांगतो, तेवढं लिहून घ्या.

आणि अडला. दिवसभरात अडला नव्हता इतका अडला. घसा मिटला, मूठ वळली, आणि बाहेर काहीच येईना. त्याला सवय होती ती अशा वेळी कुणीतरी धावून येण्याची. मास्तर शब्द सुचवायचे, गिऱ्हाइकं वाक्य पुरं करायची, नीलम्मा तर इतक्या प्रेमानं पुढचा शब्द त्याच्या तोंडात ठेवायची की तो अडला हे त्यालाही कळू नये. केरबानं आताही तोंड उघडलंच, तेवढ्यात नीलम्मानं त्याच्या दंडावर हात ठेवला. “गप बसा की री,” ती संकेश्वरच्या वळणानं हळूच म्हणाली. स्पीकरमधून अठरा इंजिनं मंद धडधडत होती आणि कुणीही काही सुचवत नव्हतं. दया म्हणून नाही, की शिष्टाचार म्हणूनही नाही. त्या माणसांना ते नाव खरोखरच हवं होतं, आणि ते फक्त त्याच्यापाशी होतं. जन्मात पहिल्यांदा कुणी त्याचा शब्द ऐकायला थांबलं होतं. सेकंदासेकंदासाठी भांडणारी ती माणसं, पण तो किती वेळ अडला ते त्यांच्यातल्या एकानंही मोजलं नाही.

“कोल्हापूर,” तो म्हणाला.

नियम तो नियम. अठरांनी ते परत म्हणायला सुरवात केली, आणि त्या नावाचे जे काही हाल झाले ते ऐकून केरबानं कानांवर हात ठेवले. कोलापूर. कोल्हपोर. कुलापुर. प्रभुलिंगनं एकेकाला थांबवून नीट करून घेतलं. ‘ल’ आणि ‘ह’ एकत्र, तो सांगत होता, दोन वेगळे नाहीत, एकाच श्वासात. हिल्डाबाईंना तिसऱ्या खेपेला जमलं. फिनलंडवाल्याला पहिल्याच खेपेला जमलं, तेव्हा केरबानं त्याला शाबास पावणं असं मराठीतच ओरडून सांगितलं. शेवटी राहिला ओस्वाल्डो. नकाशात इंग्रजीत ‘एल-एच’ लिहिलेलं, आणि त्यांच्या भाषेत त्या जोडीचा उच्चारच वेगळा, ‘ल्य’सारखा. तो म्हणाला, कोल्यापूर. प्रभुलिंग म्हणाला, नाही, पुन्हा. तो म्हणाला, कोल… कोल्या… आणि थांबला. को… को… को… दंतवैद्याची जीभ दारातच बसली होती. त्याचा मोठा, लग्नघरातला आवाज लाजून बारीक झाला. पलीकडं तो मान खाली घालून बसला असेल, घाम पुसत असेल, हे प्रभुलिंगला दिसल्यासारखं कळलं.

“सांग की त्याला,” केरबा कुजबुजला, “लटकलाय बघ गडी.”

“थांब,” प्रभुलिंग म्हणाला. “येईल त्याचं त्याला.”

आणि खुर्ची मागं सरकवून, हाताची घडी घालून, तो ऐकत बसला.